अकरा गणपतींचे डोळे

मी, कृष्णनाथ भिकाजी तुयेकर, वय वर्षे चौऱ्याहत्तर, धंदा गणपतीच्या मातीच्या मूर्ती घडवणे, राहणार पेडणे, गोवा, हे मृत्युपत्र माझ्या हाताने, माझ्या अकलेने आणि माझ्या रागाने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मोतीबिंदू काढून भिंग बसवले आहे, त्यामुळे नजरही ठिकाणावर आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही, दारू पाजलेली नाही, आणि माझा मुलगा गावभर काहीही सांगत सुटला तरी मला भ्रम झालेला नाही. रागाच्या भरात लिहिलेला कागद टिकत नाही असे कोणी म्हणाल्यास त्याला सांगावे की हा राग पावणेदोन वर्षांचा आहे. एवढ्या काळात त्याचा भर ओसरला, राग तेवढा शिल्लक राहिला.

नोटरीबाईंनी आधीच बजावले, "काका, गोव्यात सगळी इस्टेट हवी त्याला देता येत नाही. अर्धी मुलाचीच." मी विचारले, मुलगा कसाही असला तरी? त्या म्हणाल्या, कसाही असला तरी. पोर्तुगीज गेले त्याला माझा जन्म गेला, पण त्यांचा कायदा अजून माझ्या गौरेशची बाजू घेऊन उभा आहे. बरे, उभा राहू दे. उरलेल्या अर्ध्यावर माझी सत्ता चालते आणि ती मी आज पुरेपूर चालवणार आहे.

कलम पहिले. राहते घर, मागचे परसू आणि कोरगावच्या वाटेवरची काजूची बाग माझा एकुलता एक मुलगा गौरेश याला जाईल. कायद्याने त्याला मिळायला हवे त्यापेक्षा हे थोडे जास्तच भरते, हे नोटरीबाईंनी हिशेब करून दाखवले आहे. म्हणजे बाबांनी तोंडाला पाने पुसली असे म्हणायला त्याला जागा नको. परसातली अबोली त्याच्या आईने, माझी कै. पत्नी शालिनी हिने लावलेली आहे. ती उपटून तिथे पर्यटकांसाठी खोल्या काढल्या तर माझा आत्मा वगैरे काही येणार नाही, मी तसल्या गोष्टी मानत नाही. पण शेजारी सगुण येईल आणि चार लोकांत पाणउतारा करील. सगुणला तसे सांगून ठेवले आहे.

कलम दुसरे. हे गौरेशच्या ज्ञानाविषयी आहे. यात द्यायचे काही नाही, पण बोलल्याशिवाय मला पुढे जाता येणार नाही.

गौरेश हरमलला किनाऱ्याजवळ एक खोली भाड्याने घेऊन बाहेरदेशच्या पाहुण्यांना गणपतीचा अर्थ सांगतो. गळ्यात रुद्राक्ष, कपाळाला भस्म, अंगात पांढरा सदरा. समोर हातभर गणपती ठेवतो आणि काठीने एकेक अवयव दाखवतो. मोठे कान म्हणजे जास्त ऐका. लहान तोंड म्हणजे कमी बोला. मोठे पोट म्हणजे बरे-वाईट सगळे पचवा. मोडका दात म्हणजे त्याग. उंदीर म्हणजे वासना, तिच्यावर स्वार व्हा. एकदा मी स्वतः जाऊन मागे उभा राहिलो. लोक डोळे मिटून माना डोलावत होते. पुढे ठेवलेला गणपती प्लास्टरचा होता.

अर्थ खोटा नाही. तोच अर्थ माझ्या बापाने, भिकाजीने, मला सांगितला, फक्त कोपरापर्यंत चिखलात हात असताना सांगितला. कान करायला घेतले की म्हणायचा, "सुपासारखे कर. सूप काय करते? पाखडते. ऐकायचे सगळे, ठेवायचे दाणे तेवढे." अंकुश हातात बसवताना म्हणायचा, "बघ, हत्तीला टोचायचे हत्यार हत्तीच्याच हातात दिले आहे. दुसऱ्याला टोचायला नव्हे." आणि दाताचे तर आमच्या घराण्याचे व्रतच आहे. आम्ही मोडका दात घडवत नाही. दोन्ही दात पुरते घडवायचे, टोके काढायची, आणि माती अर्धी सुकली की अंगठ्याने एक मोडायचा. दरवेळी जीव हळहळतो. मी लहानपणी विचारले होते की मोडायचाच आहे तर मोडकाच का करत नाही, वेळ वाचेल. बाप म्हणाला, "नसलेले कोणी देत नाही. आधी हातात असावे लागते." हे त्याने काठी घेऊन कोणाला शिकवले नाही. त्याच्या अंगठ्याला कायम भेग होती.

गौरेशला हे सगळे पाठ आहे आणि त्याच्या अंगठ्याला काहीही झालेले नाही. मी बोलायला लागलो की तो फोनात बघतो. ऐका म्हणून जगाला सांगणारा हा मनुष्य! शालिनी आजारी होती तेव्हा तिने तीनदा हाक मारली होती, तो शेजारच्या खोलीत श्रवणावर बोलत होता. हे मी पोटात ठेवले होते. आता कागदावर ठेवतो.

कलम तिसरे. चित्रशाळा म्हणजे चढणीवरची माझी मूर्ती घडवायची खोली, कौलांसकट, आतल्या फळ्या, कोरण्या, कुंचले, मातीचा हौद आणि डिचोलीच्या शेतातून आणलेली यंदाची चिकणमाती. हे कोणाला जाईल ते पाचव्या कलमात आहे. आधी ही खोली म्हणजे काय ते नव्या माणसाला कळावे म्हणून लिहितो.

श्रावण लागायच्या आधीपासून घरोघरचे लोक आपापला पाट घेऊन माझ्याकडे येतात. लाकडी पाट, त्याच्यावर त्या घराचा गणपती. पाट सांगतो कोणाचा देव कसा. नाईकांचा सोंड डावीकडे आणि एक पाय सोडून बसलेला. कोणाचा वीतभर, त्याहून मोठा कधीच नाही, कारण त्यांच्या पणजाने तसा बोल केला होता. कोणाचा उंदीर उजवीकडे आणि तोंड वर. लिहून ठेवलेले काही नाही, सगळे माझ्या डोक्यात आहे. चवथीच्या आदल्या दिवशी, तयेच्या सकाळी, लोक पाटासकट देव घेऊन जातात. दीड, पाच, सात दिवस, ज्याच्या त्याच्या रीतीप्रमाणे ठेवतात आणि आपल्या विहिरीत, तळीत, नदीत किंवा दर्यात सोडतात. तिथे तो विरघळतो. शेतातली माती होती, पाण्यात गेली, पुढल्या वर्षी पुन्हा या म्हणायला तोंड राहिले. माझ्या बापाच्या मते पाणी हासुद्धा मूर्तीचा अवयव आहे, फक्त तो शेवटी लावायचा असतो.

डोळे सगळ्यांत शेवटी मी काढतो. दोन दिवस मासळी नाही, बोलणे नाही. कुंचल्याच्या दोन केसांनी बाहुली ठेवायची आणि लगेच समोरून बाजूला व्हायचे. त्याची पहिली नजर घडवणाऱ्यावर पडू नये, घरच्या माणसांवर पडावी. डोळे निघाले की तो देव झाला. त्याच्या आधी कोणी माती म्हणा, काही म्हणा.

कलम चौथे. आता मुख्य गोष्ट.

दोन हजार तेवीस सालच्या चवथीला पाऊस थांबेना आणि मूर्ती सुकेनात. मला ताप होता, सात दिवस मी खाटेवर. अकरा पाट रिकामे राहिले होते. गौरेश म्हणाला, "बाबा, तुम्ही पडून राहा, मी करतो." मला बरे वाटले. बापाला बरे वाटते, काय करणार. उठून चित्रशाळेत गेलो तर अकराही मूर्ती पाटावर, रंगवून तयार. मी कुंचला घेतला.

चित्रशाळेत रत्ना होती. रत्ना धोंडिबा सुतार, मूळची खानापूरकडची. नवरा सेंटरिंगच्या कामावरून पडला आणि कमरेने अधू झाला, तेव्हापासून ती माझ्याकडे माती मळते. सोळा वर्षे झाली. तिने एका मूर्तीला मागून बोट लावले आणि म्हणाली, "काका, ही माती न्हाई. रंग पितच न्हाई बघा."

मला तिने सांगायची गरज नव्हती. मी दात बघितले होते. अकराही गणपतींचा मोडका दात एकसारखा, गुळगुळीत, साच्यातून मोडकाच आलेला. कोणी तो मोडला नव्हता. बंदी असूनही कुठूनतरी टेंपोने प्लास्टर आणून, वर मातीचा हात फिरवून, माझ्या मुलाने लोकांच्या पाटावर बसवले होते. डोक्यात तिडीक गेली. पण दुसऱ्या दिवशी तय होती. अकरा घरांत देवावर फळाफुलांची माटोळी बांधली गेली होती, मखरे सजली होती, लोक मुंबईहून आले होते. मी रत्नाला म्हटले, "गप्प बस. तुला विचारले आहे कोणी?" आणि डोळे काढले. सगळ्या अकरांचे. एकही डोळा हलक्या हाताने काढला नाही, इतके चांगले डोळे मी आयुष्यात काढले नसतील.

पुढच्या मे महिन्यात कोरगावची देवकीबाय आली. देवकी शाबा नाईक, माझ्याहून दोन वर्षांनी मोठी, तिच्या घरी आमच्या तीन पिढ्यांचा गणपती जातो. ती उन्हात अंगणात उभी राहिली, आत येईना. म्हणाली, "कृष्णनाथ, तुजो गणपती गेलो नाय रे. बांयत बसलो आसा. वयर बघता."

तिच्या घरामागच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात खाली गेले आणि तळाशी तो दिसला. अंगाचा रंग गेलेला, सोंड अर्धी, पण बसलेला. डोळे शाबूत. आठ महिने ती त्याच्यावरचे पाणी भरत होती. म्हणाली, "गेलोच नाय, तेका परत हाडूं कसो?" त्या वर्षी नाईकांच्या घरी गणपती आला नाही. सुतक नाही, काही नाही, आणि मखर रिकामे.

अंगणात पाच-सहा माणसे जमली. गौरेश पुढे झाला आणि हात जोडून गोड आवाजात म्हणाला की मातीचे काम रत्नाकडे असते, या घाटावरच्या बाया काय मिसळतात कळत नाही, आम्ही बघतो. रत्ना दारात उभी होती, तिचे हात मातीने भरलेले होते. तिने माझ्याकडे बघितले. मी दात-ओठ खाल्ले आणि गप्प राहिलो.

झाले! वर्षभर तिला लोकांनी काय काय ऐकवले. पाट देताना बायका विचारू लागल्या, "ती हात लावता काय?" नळावर तिची घागर बाजूला सरकवली. तिच्या मुलीला शाळेत चिडवले. तरी ती माझ्याकडे कामाला येत राहिली, खाली मान घालून, माझ्याशी एक शब्द न बोलता. आणि मी, कान सुपासारखे करणारा, तिचे न बोलणे ऐकत बसलो.

गौरेशचा मला राग आहे तो त्याने प्लास्टर आणले म्हणून आहेच. त्याहून जास्त राग आहे तो त्याने मला ओळखले म्हणून. बाप तोंड उघडणार नाही हे त्याला पक्के ठाऊक होते.

कलम पाचवे. सबब, चित्रशाळा, तिची जमीन, कौले, हौद, माती, कोरण्या, कुंचले आणि माझ्या डोक्यात असलेले सगळ्या पाटांचे वळण, जे मी जिवंत असेपर्यंत तोंडी सांगत राहीन, हे सर्व रत्ना धोंडिबा सुतार हिला देत आहे. डोळे काढायचा मान तिचा. बाईने डोळे काढू नयेत, परगावच्या बाईने तर नाहीच, असे ज्यांना वाटते त्यांनी आपला पाट घेऊन दुसरीकडे जावे. जाताना माझ्या दारावरून जाऊ नये. चित्रशाळेवर जी पाटी आहे तिच्यावरून माझे नाव पुसावे. गौरेशने चित्रशाळेचे, माझे किंवा भिकाजी तुयेकरांचे नाव हरमलच्या धंद्यात वापरू नये. पाहुण्यांना अर्थ सांगायचा असेल तर खुशाल सांगावा, आधी एक दात मोडून बघावा.

<s>कलम सहावे. माझ्या मृत्यूनंतर तेराव्या दिवशी गौरेशने हे मृत्युपत्र घेऊन उरलेल्या दहा घरी जावे आणि कलम चौथे मोठ्याने वाचून दाखवावे, म्हणजे रत्नावरचा आळ जाईल.</s>

वरील कलम मी स्वतः खोडले आहे. का खोडले ते लिहितो, म्हणजे पुढे कोणी शंका काढायला नको.

दोन मे रोजी हा कागद लिहून झाला. साक्षीला मी सगुणला आणि देवकीबायला बोलावले होते. देवकीबायला मी मुद्दामच बोलावले. ती मराठी चौथी शिकलेली आहे आणि चष्मा लावून शब्द न् शब्द वाचते. तोपर्यंत तिलाही रत्नाचाच दोष वाटत होता. चौथे कलम तिने दोनदा वाचले. सहावे वाचले आणि चष्मा काढला.

"मेल्यार सांगतलंस?" म्हणाली. "आनी तवसर ह्या रत्नान तोंड खंय दाखवचा? जितो आसताना जीभ झडली तुजी?"

मी भडकलो. म्हटले, देवकीबाय, सही करायला बोलावले आहे, पंचायत करायला नव्हे. माझी अब्रू, माझा धंदा, माझे वय. ती म्हणाली, "माका सगळा कळता. सही करूचंय नाय." आणि कागद माझ्याकडे सरकवून उठली. सगुणनेही पेन खिशात घातला. एरवी बाजारातल्या कुत्र्यालाही आपले मत ऐकवणारा हा मनुष्य, त्या दिवशी तिच्या मागोमाग उठला.

मी त्या दोघांना जे बोललो ते इथे लिहीत नाही. सगळी दुपार धुमसत होतो. संध्याकाळी लक्षात आले की मी मेल्यावर बोलण्याची सोय करून ठेवत होतो, म्हणजे कोणाचे तोंड बघायला नको, कोणाचे ऐकायला नको. आणि पुन्हा पुढे करत होतो गौरेशलाच. कलम खोडले. सकाळी रत्नाच्या दारात गेलो आणि म्हटले, चल. ती म्हणाली, "वरीसभर लोक माझ्या हातचं पाणी घेईनात, तवा कुठं होता काका?" तरी मी दारातून हललो नाही. तिने स्कूटरची चावी घेतली. गौरेशलाही कळवले होते. त्याने फोनवर जोडलेल्या हातांचे चित्र पाठवले.

कलम सातवे. हे मृत्युपत्रात बसते की नाही मला ठाऊक नाही. नोटरीबाई म्हणाल्या, लिहा, नुकसान नाही.

आम्ही दहा घरी गेलो. प्रत्येक दारात रत्नाला पुढे उभे करून मी एवढेच बोललो: तुमचा गणपती प्लास्टरचा होता, हिने सांगितले होते, मी हिला गप्प केले, आणि जाणूनबुजून डोळे काढले. मांद्रेच्या एका घरी म्हाताऱ्याने चप्पल उचलली. त्याच्या सुनेने त्याचा हात धरला आणि रत्नाला आत बसवले, मला बाहेर. एका घरी आता हा तुझाच म्हणून त्यांनी आपला पाट माझ्या अंगावर फेकला, तो मी घरी आणला आहे. तीन घरांत आमच्याकडे बघून दार लावले. दोन घरच्या बायकांनी रत्नाची माफी मागितली, बाकीच्यांनी नाही. कोणी चहा दिला, कोणी शिव्या दिल्या, आणि मला चहाच जड गेला.

शेवटचे घर हरमलला, दर्याकाठी. घरचा कर्ता पुरुष जाळे दुरुस्त करत होता. मी बोलून संपवले तरी त्याने मान वर केली नाही. मग म्हणाला, "आमका त्याच वर्सा कळलेला. हात जाळ्यात गावलो गणपतीचो. पण डोळे तुजे होते. तू डोळे काडलंस म्हणान आमी गप रवलो."

इतर कोणी काही म्हणो, माझ्या मनाला तेच लागले. त्याने माझ्यावर विश्वास ठेवून देवाचा तुटलेला हात घरी ठेवला होता, कापडात गुंडाळून, आणि बायकोलाही सांगितले नव्हते. तो हात त्याने मला दाखवला. मोदक धरलेला हात होता. मी तिथे दर्याच्या वाळूत बसून रडलो, चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आणि रत्ना स्कूटरजवळ उभी राहून दुसरीकडे बघत होती. तिने मला उठवले नाही. बरोबर केले.

परत येताना मी तिला पाचवे कलम सांगितले. ती म्हणाली, "इचार करते." आज नऊ दिवस झाले, तिने हो म्हटलेले नाही. तरी कलम आहे तसेच राहील. तिने नाही म्हटले तर चित्रशाळा बंद करावी, माती डिचोलीच्या शेतात नेऊन टाकावी आणि पाट ज्याचे त्याला परत करावे. तिला गळ घालू नये, समजूत काढू नये, आणि काकांनी किती केले वगैरे कोणी तिला ऐकवू नये. तिला मी काहीही दान करत नाही आहे.

हे सर्व मी वाचले, मला वाचून दाखवले गेले, मला समजले. खाली माझी सही आणि डाव्या अंगठ्याचा ठसा नोटरीबाईंसमोर, दोन्ही साक्षीदार हजर असताना.

कृष्णनाथ भिकाजी तुयेकर
(सही) (अंगठा)

साक्षीदार:
१. सगुण विठू परब, शेजारी, निवृत्त बस कंडक्टर, पेडणे. (सही)
२. देवकी शाबा नाईक, कोरगाव. (सही) "दहाही घरांत स्वतः जाऊन विचारून आलंय. मगच सही केली."

मुक्काम पेडणे, गोवा
लिहिले: २ मे २०२५. सही झाली: १२ मे २०२५